कललेल्या शिंदीवरची रानपाल

मी एक जुनी रानपाल आहे. 'पाल' हा शब्द वाचताच तुमच्यापैकी काहींनी नाक मुरडले असेल. खुशाल मुरडा, मला त्याचे काही वाटत नाही. पण मित्रांनो, पुढे जाण्याआधी दोन गोष्टी स्पष्ट करते. तुमच्या घरात कंदिलामागे टपून बसणारी आणि आढ्यावरून पीठ मळणाऱ्या आईला घाबरवणारी पाल ती मी नव्हे. ती माझी लांबची बहीण. तिला माणसांवाचून करमत नाही आणि मला माणसांत करमत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे, मी विषारी नाही. माझ्या अंगात विष असते तर ज्या पिंगळा घुबडाने माझी शेपटी खाल्ली तो दुसऱ्या दिवशी पुन्हा माझ्याच मागे लागला नसता.

माझे रूप पाहायचे असेल तर नीट निरखून पाहावे लागते. दिवसा मी वाळलेल्या झावळीच्या रंगाची असते, पाठीवर गडद आडवे पट्टे. अंधार पडला की मी फिकट होते. माझ्या डोळ्यांना पापण्या नाहीत. म्हणून डोळ्यात धूळ गेली की मी जीभ बाहेर काढते आणि डोळा चाटून स्वच्छ करते. तुमच्या वर्गात कोणाला हे जमते का, विचारून पाहा! माझ्या बोटांखाली बारीक बारीक घड्या आहेत. त्यांच्या जोरावर मी झाडाच्या खालच्या अंगाला उलटी चालते आणि मला कधी चक्कर येत नाही. पाय घसरून पडणे आमच्या जातीला ठाऊकच नाही. मी आयुष्यात एकदाच पडले, आणि त्या पडण्यात माझी काही चूक नव्हती. ती हकीगत पुढे येईलच.

केदारखेड्याच्या वरच्या अंगाला डोंगराकडून एक ओढा येतो आणि पुढे पूर्णेला जाऊन मिळतो. या ओढ्याच्या काठी पूर्वी शिंदीचे दाट बन होते. लोक त्याला शिंदबन म्हणत. शिंदीच्या झाडाची झावळी वाळून गळते, पण तिचा बुडखा खोडालाच चिकटून राहतो. अशा बुडख्यांनी सगळे खोड भरून जाते आणि बुडख्यांच्या मागे आमच्यासारख्यांना राहायला खोल्याच खोल्या होतात. शिंदबनातले एक झाड मात्र सरळ वाढलेले नव्हते. लहानपणीच कधीतरी पुराने त्याला ढकलले असावे. ते ओढ्यावर कललेले होते. त्याच्या खालच्या अंगाला ऊनही लागत नसे आणि पाऊसही लागत नसे. आमच्या जातीच्या माद्या अंडी घालायला इतर झाडांवरून इथेच येत. माझी आई इथे आली, तिची आई इथे आली. जुन्या अंड्यांची रिकामी कवचे बुडख्यांच्या मागे एकावर एक चिकटलेली असत. आम्ही पाली जगात मुळातच थोड्या. ओलावा, सावली आणि जुनी झाडे एकत्र मिळतील तिथेच आम्ही टिकतो. त्यामुळे हे कललेले झाड म्हणजे आमचे सगळे काही होते.

आमच्यात आई दोन अंडी घालते, ती खोडाला पक्की चिकटवते आणि निघून जाते. पिल्लाला भरवणे, अंगाई गाणे हे आमच्याकडे नाही. तुम्हाला हे निष्ठुर वाटेल. मला तसे कधी वाटले नाही. माझे कवच मी स्वतः फोडले, बाहेर आले, अंगावरची पहिली कात स्वतः सोलली आणि ती खाऊनही टाकली. जन्माच्या पहिल्याच दिवशी एवढी कामे केलेला प्राणी कशाला कोणाची वाट पाहील? संध्याकाळी मी एक मुंगी पकडली. ती आंबट होती. पण पोट भरले.

माझ्या वाढीच्या वर्षांत शिंदबनात एकच माणूस नेमाने यायचा. त्याचे नाव मच्छिंद्र. शिंदीचा रस काढणे हा त्याचा पिढीजात धंदा. कमरेला दोर बांधून तो झाडावर चढायचा, शेंड्याजवळ कोयत्याने खाच पाडायचा आणि खाली मडके अडकवायचा. रात्रभर त्यात रस ठिबकायचा. पहाटेचा रस गोड असतो. ऊन चढले की तो आंबतो आणि त्याची नशा येते. ती नशा माणसांच्या आधी माश्यांना आणि पतंगांना चढत असे. तोल गेलेली माशी पकडायला पळावेसुद्धा लागत नाही. हिवाळ्याच्या त्या दिवसांत आम्ही सगळ्या पाली गलेलठ्ठ झालो होतो. मच्छिंद्र मला मडक्याच्या काठावर पाहायचा आणि हसून म्हणायचा, "काय बाई, रसावर आलीस का माश्यांवर? माशा खा, रस सरकारचा हाये."

त्याचे म्हणणे खरे होते. तेव्हा आमच्या भागात निजामाचे राज्य होते. शिंदीवर सरकारचा कर होता. आबकारी खात्याचा माणूस येऊन प्रत्येक झाडावर डांबराने आकडा घालून जाई. आकडा पडला की ते झाड सरकारचे. आमच्या कललेल्या शिंदीवरही आकडा होता. डांबराचा वास मला कित्येक दिवस सहन झाला नाही. मी त्या बाजूने चालणेच सोडून दिले.

पिंगळ्याने माझी शेपटी नेली तीही याच काळात. धोका आला की आम्ही शेपटी सोडून देतो. ती तुटून वळवळत राहते, शत्रू तिच्याकडे बघत बसतो आणि आम्ही पसार. मला नवी शेपटी आली. ती पहिल्याइतकी देखणी नाही, तिच्यावर पट्टे नाहीत. पण शेपटी गेली म्हणून रडत बसणारी मी नव्हे.

मग ते वर्ष आले, ज्या वर्षी सगळा देश स्वतंत्र झाला आणि आमचा मुलूख तेवढा मागे राहिला. निजामाला हिंदुस्थानात यायचे नव्हते. गावोगावच्या लोकांनी ठरवले की त्याचे उत्पन्न बंद पाडायचे. शिंदीचा पैसा थेट खजिन्यात जातो, तेव्हा शिंदीची झाडेच तोडून टाकायची. ठिकठिकाणी कुऱ्हाडी चालू झाल्या. मित्रांनो, आज मी तुम्हाला सांगते, त्या लोकांचे म्हणणे बरोबर होते. पण ज्याच्या घरावर कुऱ्हाड येते त्याला बरोबर-चूक तेव्हा सुचत नाही.

भाद्रपदाचा शेवट होता. पितृपंधरवडा चालू होता. दुपार कलली होती आणि मी बुडख्यामागे झोपले होते. माझी त्या मोसमातली शेवटची अंडी शेजारच्याच खोबणीत होती. एकाएकी सगळे बन हादरू लागले. पाच-सहा माणसे कुऱ्हाडी घेऊन आली होती. त्यांचे पुढारी होते भालचंद्र मास्तर. जालन्याच्या शाळेतली नोकरी सोडून ते चळवळीत उतरले होते. त्यांच्यासोबत गावचा कडूबा होता. ओढ्यापलीकडे त्याची जमीन होती. तो आडदांड, कष्टाळू आणि दिलेल्या शब्दाला जागणारा माणूस. मच्छिंद्रही आला होता, पण तो बाजूला एका दगडावर बसून होता.

"मच्छिंद्र, तू बी लाव हात," कडूबा म्हणाला.

"तोडा तुमी. मी अडवीत न्हाई," मच्छिंद्र म्हणाला. "निजाम जावा, हे मला बी वाटतं. पन ह्या झाडायनं माझ्या बापाला पोसलं, मला पोसलं. माझ्या हातानं न्हाई व्हायचं."

एकेक शिंदी कोसळत गेली. ज्या झाडांवर माझ्या बहिणी राहत होत्या ती डोळ्यांदेखत आडवी झाली. पाली सैरावैरा पळाल्या. शेवटी फक्त कललेली शिंदी उरली. कडूबा तिच्या खाली येऊन उभा राहिला, त्याने पाय रोवले आणि सगळ्या ताकदीने घाव घातला.

तो धक्का माझ्या बोटांखालच्या सगळ्या घड्यांपेक्षा मोठा होता. मी सुटले आणि थेट कडूबाच्या डोक्यावर पडले. त्याच्या केसांत क्षणभर पाय अडकले, मग मी त्याच्या खांद्यावरून, पाठीवरून पळत खोडावर गेले. कडूबाच्या हातातून कुऱ्हाड गळून पडली.

"पाल! पाल पडली डोस्क्यावर!"

मित्रांनो, अंगावर पाल पडली तर काय होते याचा हिशेब तुमच्या पंचांगात छापलेला असतो. उजव्या हातावर पडली तर अमुक, डाव्या पायावर पडली तर तमुक. आम्ही पाली तो वाचून पडत नाही, हे छापणाऱ्याच्या लक्षात आले नसावे. त्या दिवशी पंचांग जवळ नव्हते. त्यामुळे तिथल्या तिथे वाद सुरू झाला. एक जण म्हणाला, "डोस्क्यावर पडली की राज्य भेटतं." दुसरा म्हणाला, "बिलकुल न्हाई. मरन येतं."

भालचंद्र मास्तर वैतागले. "अहो, पाल म्हणजे साधा प्राणी. तुम्ही घाव घातलात, ती पडली. एवढं एक झाड उरलंय, उचला कुऱ्हाड."

कडूबाचा चेहरा पांढरा पडला होता. तो हात जोडून म्हणाला, "मास्तर, तुमच्या शब्दाखातर मी जेलात बी जाईन. लाठ्या बी खाईन. पन पाल पडल्यावर कपड्यासगट अंघोळ केल्याबिगर हत्याराला हात लावनार न्हाई. आमच्या घरी आसंच हाये."

आणि तो तसाच ओढ्याच्या डोहात शिरला. बाकीच्यांनी कुऱ्हाडी खाली टेकवल्या. एवढ्यात वरच्या वाटेने बुटांचा आवाज आला. पोलिसांचे अमीन, म्हणजे फौजदार, जवान घेऊन येत होते. मास्तरांनी क्षणात सगळ्या कुऱ्हाडी डोहात ढकलल्या. जो तो सदरा काढून पाण्यात उतरला. मच्छिंद्र तेवढा दगडावर राहिला.

"क्या चल रहा है इधर?" अमीन ओरडले.

"पितरपाठ हाये साहेब," कडूबा गळ्याइतक्या पाण्यातून म्हणाला. "अंघोळ करून राह्यलो."

"और ये झाड किसने काटे?"

"आमी आल्तो तवाच पडल्याले हुते."

जवानांनी झुडपे बडवली, झावळ्या उलथ्यापालथ्या केल्या. हत्यार काही सापडले नाही. मग अमीन मच्छिंद्राकडे वळले. तो रस काढणारा आहे हे त्यांना माहीत होते. त्याची भाकरी समोर आडवी पडली होती, हेही दिसत होते. त्याने एक नाव घेतले असते तर सगळे तुरुंगात गेले असते.

मच्छिंद्राने पडलेल्या झाडांकडे पाहिले. "मला म्हाईत न्हाई साहेब," तो म्हणाला. "मी तर आत्ताच आलो."

अमिनांनी खूप दमदाटी केली, सगळ्यांना ओलेत्याने उभे करून ठेवले आणि शेवटी निघून गेले. खरा शूर त्या दिवशी कोण होता हे मी खोडावरून स्वच्छ पाहिले होते. पण माणसांना ते दिसले नाही. कडूबा डोहातून बाहेर आला, त्याने कललेल्या शिंदीला साष्टांग दंडवत घातला आणि म्हणाला, "पालीनं वाचिवलं. तिनं अंघोळीला धाडलं म्हनून वाचलो. ह्या झाडाला आता कुऱ्हाड लावायची न्हाई."

मास्तर हसले. "बरं, एका झाडाच्या शिंदीनं निजामाचा खजिना भरत नाही," ते म्हणाले. एक दगड घेऊन त्यांनी खोडावरचा सरकारी आकडा मात्र खरवडून काढला. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

पुढचे वर्ष माणसांसाठी फार वाईट गेले. गावे ओस पडली, लोक सरहद्दीपलीकडे गेले, निजामाच्या रझाकार टोळ्यांच्या धाकाने कोणी रानात फिरकेना. मच्छिंद्र दुसऱ्याच्या शेतात कामाला जाऊ लागला. कडूबा बायकापोरांना घेऊन कुठेतरी लपून राहिला. आणि आम्ही? आम्ही जगलो. पडलेल्या खोडांना वाळवी लागली आणि वाळवीसारखे पक्वान्न दुसरे नाही. मात्र राहायला एकच झाड उरले. बनातल्या वाचलेल्या सगळ्या पाली कललेल्या शिंदीवर आल्या. रोज भांडणे, रोज चावाचावी. एका बुडख्यासाठी मी माझ्या सख्ख्या बहिणीचे बोट चावले आहे आणि तिनेही माझे. तरी अंडी घालायची वेळ आली तेव्हा भांडण बाजूला ठेवून आम्ही सगळ्यांनी त्याच खालच्या अंगाला अंडी चिकटवली. आमची या ओढ्यावरची पुढची सगळी पिढी आता त्या एका झाडाच्या एका बाजूला होती.

सप्टेंबरात हिंदुस्थानी फौजा आल्या आणि निजामाचे राज्य गेले. गावात ढोल वाजले. त्यांचा आवाज ओढ्यापर्यंत ऐकू येत होता. मलाही बरे वाटले. आता कुऱ्हाडी येणार नाहीत, असे मी समजले. कुऱ्हाडी आल्या नाहीतच. दसऱ्याच्या आधी एक दिवस सकाळी कडूबा आला. त्याच्या हातात शेंदराचा डबा होता.

"मी बोललो हुतो न्हाई, डोस्क्यावर पडली की राज्य भेटतं म्हनून?" तो सगळ्यांना सांगत होता. हे वाक्य त्याचे नव्हते, पण आता ते त्याचेच झाले होते. "भेटलं का न्हाई राज्य? आज झाड साफ करू, बुडापासून शेंदूर लावू. दसऱ्याला पालीच्या देवाची पूजा. मंग पार बांधू."

त्याच्यासोबत भालचंद्र मास्तर होते, मच्छिंद्र होता आणि कडूबाची बायको द्वारकाबाई होती. मच्छिंद्राला चढता येते म्हणून झाड साफ करायला त्याला बोलावले होते. साफ करायचे म्हणजे काय, हे मला थोड्याच वेळात कळले. सगळे वाळलेले बुडखे कोयत्याने छाटायचे आणि गुळगुळीत खोडावर तेलात कालवलेला शेंदूर थापायचा!

मित्रांनो, कुऱ्हाडीला मी घाबरले होते. पण शेंदराने माझी गाळण उडाली. कुऱ्हाड घेऊन आलेल्या माणसाला आपण काय करतो आहोत हे ठाऊक असते, त्याला निदान थांबवता येते. भक्तीने आलेल्याला कसे थांबवायचे? बुडखे गेले की आमचे घर गेले. खोडावर तेल आले की आमची बोटे चिकटेनाशी होणार. आणि अंड्यांना कवचातूनच हवा मिळते. त्यावर शेंदराचा थर बसला असता तर पिल्ले आतल्या आत गुदमरली असती. मी दिवसाउजेडी बाहेर आले, तोंड उघडले आणि जिवाच्या आकांताने ओरडले.

"बोलली! पाल बोलली!" कडूबा म्हणाला आणि त्याने हात जोडले. मच्छिंद्रानेही कोयता कपाळाला लावला आणि छाटायला सुरुवात केली.

वरच्या अंगाचे बुडखे धडाधड खाली पडू लागले. द्वारकाबाई खाली वाकून ते टोपलीत भरत होती. गावातल्या बायका अडल्या की बोलावणे तिलाच येत असे. कित्येक पोरे तिच्या हातांत पहिल्यांदा रडली होती. टोपली भरताना तिला एका बुडख्याला चिकटलेली पांढरी कवचे दिसली. तिने एक उचलून उन्हात धरले. ते रिकामे होते. मग तिने मान वर करून झाडाच्या खालच्या अंगाला पाहिले आणि ती बुडख्याजवळ तोंड नेऊन निरखू लागली. तिथे भरलेली अंडी होती. त्यातले एक फुटत होते. चिरेतून इवलेसे नाक बाहेर आले होते.

"मच्छिंद्रभाऊ, थांबा," ती म्हणाली. "कोयता खाली घ्या."

"काय झालं वैनी?"

"हितं बाळंतीन हाये."

कडूबाला काही कळेना. "पालीची कसली आली बाळंतीन?"

"आवो, तुमीच म्हन्ता ना का ही देव हाये? मंग देवाच्या घरी लेकरू झालं तर सोयर न्हाई का?" द्वारकाबाईने पदर खोचला. "आपल्या घरी लेकरू झालं की धा दिस दिवा लावता का तुमी देवापुढं? शेंदूर लावता का? आन् हितं सोयरात पूजा कराया निघालात!"

घरात मूल जन्मले की सोयर लागते आणि ते फिटेपर्यंत घरातली देवपूजा बंद असते, हे कडूबाला चांगले ठाऊक होते. पाल पडल्यावर अंघोळ केल्याशिवाय कुऱ्हाड न धरणारा माणूस सोयर मोडून शेंदूर लावेल कसा? शेवटी तो चाचरत म्हणाला, "मंग धा दिस थांबू. दसरा जाऊ दे. दिवाळीला करू पूजा."

मच्छिंद्र दोरावर लोंबकळत खालच्या अंगाला आला आणि बुडख्यांच्या मागे डोकावू लागला. "कडूबादादा, दिवाळीला बी व्हायची न्हाई," तो म्हणाला. "हितं आजून अंडी हाईत. तिकडं त्या फटीत हाईत. एकीचं सोयर फिटंस्तवर दुसरीचं लागतं बगा."

"आन् मंग?"

"मंग काय? सोयर सरतच न्हाई."

भालचंद्र मास्तरांना हसू येत होते, पण कडूबाचा चेहरा पाहून त्यांनी ते आवरले. कडूबाचे डोळे भरून आले होते. तो खरोखरच कळवळून बोलत होता. "मंग मी काय करू? हिनं माझा जीव वाचिवला. मी काय न्हाईच करायचं व्हय हिच्यासाठी?"

द्वारकाबाईने त्याच्या हातातला डबा काढून घेतला आणि त्याचे झाकण लावले. "व्हय," ती म्हणाली. "काय न्हाईच करायचं. बाळंतिनीला निजू द्यावं. आन् जीव वाचिवला म्हन्ता, तर पालीनं तुमाला पान्यात धाडलं, पन अमिनापुढं तोंड कोनी मिटून ठिवलं? त्याची झाडं गेली, धंदा गेला. त्याला कवा इचारलं का तुमी, कसं चाललंय म्हनून?"

मच्छिंद्र दोर सोडवत राहिला, जणू त्याने ऐकलेच नव्हते. कडूबा त्याच्याकडे गेला. त्याने त्याच्या हातातला दोर घेतला आणि तो स्वतः गुंडाळू लागला. "मच्छिंद्र," तो खाली बघत म्हणाला, "पाराचा खर्चा वाचला माझा. ओढ्याकडंची दोन एकर पट्टी हाये, ती ह्या साली तू पेर. तुझ्याच नावानं. मी काय मागनार न्हाई."

मच्छिंद्राने कोयता कमरेला खोचला. मग म्हणाला, "बराबर पेरीन. पन बांधाला चार शिंद्या लावीन. रसासाठी न्हाई. आसंच."

सगळे निघून गेले. शेंदराचा डबा आला तसा परत गेला. वरच्या अंगाचे थोडे बुडखे तुटले होते, तिथे आम्ही पुन्हा भांडून जागा वाटून घेतल्या. ऊन उतरले तेव्हा ते फुटणारे अंडे पूर्ण फुटले. पिल्लू बाहेर आले, त्याने आधी एक डोळा चाटला, मग दुसरा, आणि ते माझ्या अंगावरून सरळ पुढे निघून गेले. ते माझे होते की माझ्या बहिणीचे, मला माहीत नाही. आमच्यात कोणी तसे विचारतही नाही. पण त्या दिवशी मी त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले, आणि मला फार फार आनंद झाला.

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले आहे. माझी बोटे पूर्वीसारखी चिकटत नाहीत आणि वाळवीही हल्ली माझ्यापेक्षा वेगाने पळते. तुम्ही कधी केदारखेड्याच्या वर ओढ्याकाठी आलात, तर कललेली शिंदी तुम्हाला ओळखू येईल. तिच्यावर ना कुऱ्हाडीचा नवा घाव आहे, ना शेंदराचा ठिपका. अवश्य या. जवळ उभे राहा, हवे तेवढे बघा. फक्त येताना हातात दगड आणू नका आणि नारळही आणू नका. माझ्या पिल्लांना कोणाचा अपशकुन व्हायचे नाही आणि कोणाचा देवही व्हायचे नाही. त्यांना मोठे व्हायचे आहे.